आता असं कोणी करत नाई

करवत हातात घेतली की सर आधी ती स्वतःच्या अंगरख्याला पुसायचे. एकदा उलटी, एकदा सुलटी. अंगरखा मुळात पांढरा होता, पण बिटाच्या रसाने तो इतका माखलेला असे की पुसल्यावर करवत आणखीच लाल व्हायची. मग समोर मांडी घालून बसलेल्या पोरांकडे बघून, डॉक्टर इंजेक्शनच्या आधी हसतात तसं हसून ते म्हणायचे, "भेऊ नका पोट्टेहो. जुनी गोष्ट हाये. आता असं कोणी करत नाई."

आणि माझा पाय कापायला घ्यायचे.

हो, माझाच. मालेगावच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी चित्रकला. करवत थर्माकोलची, तिला चंदेरी रंग मीच दिलेला. कापला जाणारा पाय म्हणजे जुन्या पँटीत चिंध्या कोंबून कमरेला बांधलेला एक तिसरा पाय. खरे दोन बाकाखाली दुमडलेले असत आणि दर खेळात त्यांना मुंग्या येत. आधी सर, मागोमाग मी निवृत्त झालो तसा हा खेळ त्यांनी आपल्या मोटरसायकलवरून गावोगावच्या शाळांत न्यायला सुरुवात केली. फलकावर लिहिलेलं असे 'वैद्यकाची वाटचाल'. पोरं त्याला कापाकापीचं नाटक म्हणत, आणि खरं सांगायचं तर पोरांचंच बरोबर होतं.

आता माझी पंचाईत ऐका. मला रक्ताचं वावडं आहे. शेजारच्याने बोट कापून घेतलं तरी मी आधी बसायला खुर्ची शोधतो. अशा माणसाला या गृहस्थांनी काय काय ऐकवलं! भूल नव्हती तेव्हा चार धटिंगण रोग्याला दाबून धरत आणि सर्जन पाय कापे. जो झटपट कापेल तो मोठा सर्जन. त्याच्या अंगरख्यावर रक्त वाळून वाळून तो कडक झाला की त्याचा मान वाढे, धुतला तर कमी होई. दात दुखला की हिरडीवर मेलेला उंदीर. डोकं दुखलं की कवटीला भोक. हजारो वर्षांपूर्वीची वाळलेली प्रेतं कुटून त्याची भुकटी चांगले राजेरजवाडे औषध म्हणून चाटत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

"हे तुम्ही लहान मुलांना सांगणार?" मी विचारलं.

"त्याहिलेच तं सांगायचं," सर म्हणाले. "मोठ्याहिले सांगतलं तर ते तुमच्यासारखे पांढरेफटक पडतात."

आणि मुलं काय करायची, तर हसायची! पोट धरून, एकमेकांच्या अंगावर पडून हसायची. उंदराच्या प्रवेशाला तर "अजून एकदा!" म्हणून ओरडा व्हायचा. मी बाकावर पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, ही काय पोरं आहेत की काय! सरांना मात्र हेच हवं असे. "हासलं का ध्यानात राह्यते," ते म्हणत. "भेलं का माणूस इसरून जाते." त्यांचं म्हणणं इतकंच होतं की पोराने घरी जाऊन सांगावं, दुखलं की दवाखान्यात चला. त्यासाठी मग उंदीर काय, प्रेताची भुकटी काय, त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं.

त्यातला एक प्रवेश मला स्वतःला आवडायचा. एक शहाणा डॉक्टर बाकीच्यांना हात धुवा म्हणून विनवतो आणि बाकीचे त्याला वेड्यात काढतात. सर मधूनच उतरून आपला बरबटलेला हात एखाद्या पोराच्या नाकाशी नेत, "घे, वास घे, किती भारी डॉक्टर हाये मी!" मग सगळी शाळा ओरडायची, "हात धू! हात धू!" सर ऐकल्यासारखं करत आणि तोच हात माझ्या तोंडावरून फिरवत.

त्यांनी मला 'पेशंट' हे नाव दिलं ते कायमचं. भर बाजारात, भाजीच्या गाड्यांपलीकडून हाक यायची, "ओ पेशंट, चहा घेता काय?" परिणाम असा की गावात मला कोणी नमस्कार करत नसे, तब्येत विचारत असे. एकदा आमच्या हिच्याकडे शेजारीण डबा घेऊन आली, भाऊजींचं मोठं ऑपरेशन झालं असं ऐकलं म्हणून. डब्यात खिमट होतं. मी ते निमूट खाल्लं.

"दर वेळी मीच का?" मी कुरकुर करायचो. "एकदा तुम्ही झोपा, मी कापतो."

"तुमची ढेरी का उगाच देल्ली व्हय देवानं? शर्ट वर केला का पोट्टे अर्धे तिथीच लोळतात. माह्या पोटाले कोण हासन?" असं म्हणून ते आपल्या कुर्त्याची कड खाली ओढत. ही त्यांची सवयच होती. मे महिन्यातही अंगात बनियन, त्यावर कुर्ता, वरून अंगरखा. शाळेची सहल धरणावर गेली तेव्हा आम्ही सगळे मास्तर पाण्यात उतरलो होतो, आणि सर काठावर बसून सगळ्यांच्या चपला राखत होते. लाजाळू माणूस आहे, असं आम्ही समजून चाललो.

आता त्या दिवसाकडे येतो.

आसेगावच्या पलीकडे एक लहान गाव आहे. नाव सांगत नाही, त्या घराला बोल लागावा अशी माझी इच्छा नाही. शाळेच्या अंगणात खिचडी आटोपली होती, पोरं हात धुऊन बसली होती. त्या हिवाळ्यात सरांनी एक नवा प्रवेश घातला होता, डाग देण्याचा. म्हणजे आजार घालवायला तापलेल्या लोखंडाने चटके द्यायचे. मी पुठ्ठ्याचा विळा करून त्याच्या पात्याला नारिंगी रंग दिला होता. सर फूं फूं करत तो तापवायचे, विचारायचे, "कुठी दुखते?" मी म्हणायचो, "गुडघा!" आणि ते विळा नेमका कपाळाला लावायचे. मी बोंब ठोकायचो.

त्या दिवशीही बोंब ठोकली. पोरं लोळली. सरांनी विळा उंच धरला आणि म्हटलं, "भेऊ नका पोट्टेहो. जुनी गोष्ट..."

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. चौथीत असेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. ती हसत नव्हती. फळ्यावरचं गणित चुकलं की हुशार पोरं करतात तसा तिने हात वर केला.

"सर, तुमी चुकले."

"काय चुकलं माय?"

"इळा नाई घेत. गोधडी शिवाची सुई घेतात, मोठी. आन कपायावर नाई देत. पोटावर देतात, बेंबीच्या भवताल."

अंगणातलं हसू एकदम थांबलं. सरांचा विळा वरच राहिला.

"तुले कोणं सांगतलं?"

"मले माईत हाये ना. आमच्या बाबूले आज देनार हायेत. त्याचं पोट लय उडून राह्यलं, दूध बी पेत नाई. आत्या आली हाये बारशासाठी, तिले येते. माय म्हने तू शाळेत जाय, तुह्यानं पाहवनार नाई."

मी बाकावर उताणा, शर्ट वर केलेला, पोट उघडं. हे ऐकून मी शर्ट खाली ओढला. पण मला खरा धक्का तिने दिला नाही, बाकीच्या पोरांनी दिला. कारण ती दचकलीच नाहीत. तिच्या शेजारच्या मुलाने नुसती मान हलवली, बरोबर सांगते म्हणून. आणि मागच्या एकाने उठून सदरा वर केला, "सर, हे पाहा, मले बी हायेत." इतकी वर्षं आम्ही यांना जुन्या गोष्टी सांगत होतो!

"कोणत्या टायमाले देनार हायेत?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आताच. म्हनूनच तं मले धाडलं."

"चाल. घर दाखव."

मुलगी पुढे, सर मागे, आणि त्यांच्या मागे मी. गल्लीत हापशावर बायका होत्या, त्यांच्या हातातल्या कळशा तशाच राहिल्या. कोणीतरी ओरडलं, "कोनाचा मर्डर झाला बाप्पा?" सरांच्या अंगावर तो अंगरखा होता, एका हातात विळा, दुसऱ्या हातात करवत; सोडायचं त्यांना सुचलंच नव्हतं. आणि माझ्या कमरेला तो तिसरा पाय लोंबत होता, धावताना गुडघ्यावर आपटत होता. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा नाही आलं.

घर लहान, पुढे ओसरी. ओसरीवर तरुण आई बसलेली, मांडीवर बाळ. बाळाचं पोट भराभर वर-खाली होत होतं आणि ते रडत नव्हतं, हे मला फार भयंकर वाटलं. शेजारी घमेल्यात निखारे, निखाऱ्यात सुई, तिच्या दुसऱ्या टोकाला चिंधी गुंडाळलेली. घमेल्याजवळ आत्या. मला वाटलं होतं कोणी कजाग, दगडाच्या काळजाची बाई असेल. ती तर रडत होती. एका हाताने डोळे पुसत होती आणि बाळाला म्हणत होती, "झालं माह्या राजा, एवढं सोस, मंग बरा होशीन." तिच्या चेहऱ्यावर नुसती माया होती. त्या मायेचाच मला घाम फुटला.

आम्हाला बघून आईने किंकाळी फोडली. यात तिची काही चूक नव्हती.

आत्या ताडकन उठून बाळाच्या पुढे उभी राहिली. "कोन हो तुमी? मांगं व्हा!"

"आत्या, सर हायेत. नाटकवाले," मुलगी म्हणाली.

"बाई, ते सुई ठेवा खाली," सर म्हणाले. "पोराले दवाखान्यात नेऊ. माही गाडी हाये, आता नेतो."

"दवाखान्यात बी सुयाच टोचतात. त्याहिची चालते, आमची नाई चालत?"

सरांनी समजावलं. ते विज्ञानाचे शिक्षक होते, समजावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. फुप्फुसं, जंतू, जखम चिघळणं, सगळं सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाली, "याच्या बापाले माह्या मायनं देल्ले व्हते. आज वाघासारखा फिरते." आणि तिने चिंधीने धरून सुई बाहेर काढली. टोक लाल होतं. माझ्या विळ्याला दिलेला रंग किती चुकीचा होता ते मला तेव्हा कळलं.

सरांच्या हातातून करवत पडली, विळा पडला. त्यांनी अंगरख्याच्या गाठी सोडल्या, कुर्ता वर केला, बनियन वर केलं.

बेंबीभोवती पाच डाग होते. गोल, पांढुरके, वयाबरोबर ताणून मोठे झालेले. मी तोंडावर हात धरला. विळा आणि कपाळ हे सगळं त्यांनी मुद्दाम चुकीचं बसवलं होतं. खरं कसं देतात ते त्यांना कोणी शिकवायची गरजच नव्हती.

"मले बी देल्ले व्हते," ते म्हणाले. "पाहून घ्या."

आत्या वाकली. आपल्या कामातली माणसं दुसऱ्याचं काम बघतात तसं तिने नीट बघितलं. "बराबर देल्ले हायेत," ती म्हणाली. "मंग? जगले ना तुमी!"

इतक्या गावांत, इतक्या शाळांत केलेला खेळ, ते उंदीर, त्या कवट्या, सगळं त्या बाईने एका वाक्यात निकालात काढलं. आणि समोर निखाऱ्यासारखी सुई आणि उघडं पोट.

सरांनी बनियन तसंच वर धरून ठेवलं. मग म्हणाले, "जगलो. पण आमी दोघं व्हतो, बाई. जुळे. एकाच दिवशी देल्ले दोघायले."

आत्याच्या हातातली सुई काळी पडत गेली. पहिली हलली ती आई. तिने बाळाला पदरात गुंडाळलं, उठली आणि पायात चप्पल न घालता अंगणात उतरली. "चाला सर," ती म्हणाली.

तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तर आणखी एक गोंधळ. सरांचा अवतार बघून दारातला माणूस ओरडला, "स्ट्रेचर आना रे, ॲक्सिडेंट हाये!" दोघांनी त्यांना धरून आडवं करायला घेतलं. सर ओरडत होते, "मी नाई, मी नाई, ते लेकरू!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा पेशंट ते झाले होते आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

बाळाला न्यूमोनिया होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणलंत ते बरं केलंत, आता बघूया. नळी लावली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. सरांनी अंगरखा काढून त्याची घडी केली होती.

"कधी सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"सांगून काय, पेशंट? पोट्टे हासले नसते."

संध्याकाळी आत्या मुलीला घेऊन ऑटोने आली, भाकरीचं गाठोडं बरोबर होतं. बाळाला काचेतून बघून आली आणि सरांच्या शेजारी, मधे जागा सोडून बसली. मग समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "नाव काय व्हतं त्याचं?"

"कोणाचं?"

"तुमच्या जोडीदाराचं."

"ठेवलंच नव्हतं," सर म्हणाले. "आमच्यात सातव्या दिवशी ठेवतात. तेवढं राह्यला नाई तो."

तिने पदर तोंडाला लावला. मी उठून नळाकडे गेलो, तहान नव्हती तरी.

त्या दिवसानंतर सरांच्या खेळातून 'आता असं कोणी करत नाई' हे वाक्य गेलं. करवत पुसायची सवय राहिली, पण पुढे ते विचारायचे, "आता सांगा, यातलं कोणाच्या घरी होते? हात वर करा." आणि हात वर व्हायचे! कोणाला बिब्याचे चटके, कोणाकडे साप चावला की आधी देवळात, कोणाच्या बहिणीच्या भाजलेल्या पायाला शेण. ज्या गावांत मी लग्नांना जेवून आलो होतो त्या गावांत हे हात वर होत होते. एका शाळेत तर शेवटच्या रांगेतल्या मास्तरांचाही हात वर गेला. पुढे पुढे खेळ छोटा झाला आणि हे हात वर करणंच मोठं झालं. पोरं हसत हसत सांगत, सर ऐकत, आणि खेळ संपला की त्या त्या घरी चहाला जात.

सर गेल्या वर्षी गेले. हृदयविकार, काही बोलायला सवड मिळाली नाही. बाजारात आता मला पेशंट म्हणून कोणी हाक मारत नाही आणि तब्येतही कोणी विचारत नाही. अंगरखा त्यांच्या घरच्यांनी मलाच दिला. रक्ताचं वावडं असलेला मी आता खेळात सर्जन बनतो. मधे त्या गावात खेळ नेला तेव्हा पेशंट कोण होणार म्हणून विचारलं, तर पहिलीतला एक पोरगा धावत आला, बाकावर आडवा झाला आणि त्याने आपणहून सदरा वर केला. तोच तो बाबू. पोट स्वच्छ, एक डाग नाही. पोरं हसायला लागली आणि मला काही केल्या करवत उचलवेना.

पण सर आठवले की मला ते त्या पोराच्या बारशाला उभे दिसतात. दवाखान्यातून घरी आल्यावर बारसं झालं, आम्हाला बोलावणं होतं. पाळण्याला फुगे लावले होते. नाव आत्याने ठेवायचं असतं. ती पाळण्यात वाकली, कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ती उठली, नाव मोठ्याने सांगितलं, सगळे घुगऱ्यांकडे वळले. तर ती पुन्हा वाकली. पुन्हा कानात काही सांगितलं. बायका ओरडल्या, "काय वं, दोन-दोन नावं ठेवतं काय?" आणि पुन्हा धपाटे पडले.

"एक याचं," आत्या म्हणाली. "एक याच्या आंधी गेला त्याचं."

बायकांना काही कळलं नाही. सर मांडवाच्या कडेला उभे होते, ओंजळीत घुगऱ्या, एकही तोंडात टाकलेली नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

परत येताना आसेगावच्या अलीकडे त्यांनी मोटरसायकल थांबवली. मला वाटलं पेट्रोल संपलं. ते उतरले नाहीत, वळलेही नाहीत. नुसतं विचारलं, "दुसरं नाव कोणतं सांगतलं तिनं, ऐकलं काय तुमी?"

"नाही हो. धपाट्यांत काहीच ऐकू आलं नाही."

"मले बी नाई आलं," सर म्हणाले. त्यांनी किक मारली. "चालते. त्याले आलं असन."